दाटीचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर व पारनेर या तालुक्यांची हद्द जेथे पुणे जिल्ह्यातील जुन्नरला भिडते, त्या मुलखात खोडदच्या परिसरात गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या ज्या स्पंदकांचे रेडिओ-संदेश टिपतात, ते स्पंदक म्हणजे न्यूट्रॉन तारे होत. आणि त्यांच्या उदरातील द्रव्य अणुकेंद्राच्या घनतेलाही, म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे २३ कोटी टनांनाही, मागे टाकते.

अशा दाटीत कणावर कण आदळला म्हणजे काय होते, याचा पद्धतशीर हिशेब मांडणाऱ्यांत विजय पांढरीपांडे यांचे स्थान अग्रभागी आहे. १९४० साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले आणि १९७२ पासून अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अध्यापन करणारे हे शास्त्रज्ञ महाराष्ट्रास जवळजवळ अपरिचित राहिले, याची मला मनापासून खंत वाटते.

गर्दी वाढली की टकरी वाढाव्यात, हा सामान्य तर्क येथे लंगडा पडतो. टकरीनंतर कणाला जी अवस्था प्राप्त व्हावयाची, ती दुसऱ्या कणाने आधीच व्यापलेली असली, तर पाउलीच्या अपवर्जन तत्त्वानुसार ती टक्कर होतच नाही. शिवाय भोवतालच्या कणांच्या प्रभावाने प्रत्येक कण मुळाहून हलका असल्यासारखा वागतो, आणि अगदी जवळ येताच उद्भवणाऱ्या तीव्र प्रतिकर्षणामुळे प्रत्येकाभोवती थोडी मोकळी जागा राहते.

हा हिशेब पृथ्वीवरच्या अणुकेंद्रांवर पडताळता येतो. इलेक्ट्रॉनच्या आघाताने अणूच्या केंद्रकातून उडालेले किती प्रोटॉन सुखरूप बाहेर येतात, याची मोजणी कार्बनपासून टँटलमपर्यंतच्या केंद्रकांवर झाली, तेव्हा मुक्त कणांच्या टकरींचे प्रमाण जसेच्या तसे लावले असता गणिताने प्रत्यक्षाहून कमी प्रोटॉन बाहेर येत. १९९२ मध्ये पांढरीपांडे व स्टीव्हन पीपर यांनी अपवर्जन, कणाचा हलकेपणा व प्रतिकर्षण या तिन्ही बाबी हिशेबात धरल्या आणि ताळा जमला.

दाट द्रव्याचा हाच हिशेब ताऱ्यांनाही लागू पडतो. अकमल व रेव्हनहॉल या सहकाऱ्यांसह १९९८ साली पांढरीपांडे यांनी या द्रव्याचा दाब व घनता यांचे नाते सांगणारे जे समीकरण मांडले, त्यानुसार न्यूट्रॉन तारा सूर्याच्या सुमारे २.२ पट वस्तुमानापर्यंत तग धरू शकतो. २००६ च्या जानेवारीत पांढरीपांडे निवर्तले. २०१० मध्ये सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा मोजला गेला, तेव्हा ताऱ्यातील द्रव्याला अधिक मऊ, म्हणजे सहज दबणारे, मानणारी कित्येक गणिते बाद झाली, परंतु हे समीकरण टिकले.