पळस, शिंजीर आणि बांडगूळ

चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल पाहून आलेली मंडळी पुष्कळदा सांगतात, 'आम्ही हमिंगबर्ड पाहिला.' त्यांनी पाहिलेला असतो तो शिंजीर. हमिंगबर्ड आज फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत राहतो. 'आज' म्हणायचे कारण असे, की त्याच्या कुळातल्या पक्ष्याचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जर्मनीत सापडल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले. आपल्याकडे फुलातला मध पिण्याचे काम शिंजीर करतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो, शिंजिराला मात्र बहुधा टेकायला फांदी लागते.

ही फांदी पळस देतो. विदर्भात त्याला परसा म्हणतात. पळसगाव, परसोडी ही गावे त्याच्याच नावाची. फाल्गुनात पाने गळून गेलेली असताना तो फुलतो. त्याच्या फुलात खालच्या दोन पाकळ्या जुळून बाकदार चोचीसारखी होडी होते आणि पुंकेसर तिच्यात लपलेले असतात. मैना येतात, कोतवाल येतात, चांगला दरबार भरतो. पण दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की येणाऱ्या पक्ष्यांपैकी परागीकरणाचे काम खऱ्या अर्थाने करतो तो जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला खार. बाकीचे नुसते पाहुणे!

आपल्याकडे या विषयाकडे नीट लक्ष वेधले ते सालिम अलींनी. कोकणात आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचा प्रसार शिंजीर आणि फुलटोचा हे पक्षी कसा करतात, यावर त्यांचा लेख १९३१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतातले फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुले यांचा आढावा घेतला.

आपण बांडगूळ हा शब्द शिवीसारखा वापरतो. झाडाचा रस ते शोषते, हे खरेच आहे. पण त्याच्या नळीसारख्या फुलात शिंजीर चोच घालतो आणि पराग दुसरीकडे नेतो. फळ पिकले की अंगठ्याएवढा फुलटोचा ते गिळतो. चिकट बी काही मिनिटांतच बाहेर पडते, ते पक्षी फांदीवर घासून टाकतो आणि तिथेच नवे बांडगूळ रुजते. एक पक्षी लग्न लावणारा, दुसरा वऱ्हाड पोचवणारा. या व्यवहारात आंब्याला मात्र कोणी विचारत नाही!

जंगलाचा सरकारी हिशेब ठेवणाऱ्यांना हे नाते दिसण्याचे कारण नव्हते. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाची कीर्ती इंग्रजांच्या काळापासूनची. सागाचे घनफूट मोजले गेले. पळस उरला तो सरपणाला, पत्रावळींना आणि लाखेला. बांडगूळ तर रोगच ठरला, दिसेल तिथे तोडायचा. पुढे १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. महामंडळाने या भागातले मिश्र जंगल पट्ट्यापट्ट्याने तोडून तिथे साग लावला. लाकडाच्या दृष्टीने हिशेब चोख होता. पण मिश्र जंगलात पळस, सावर, पांगारा अशी झाडे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत आलटूनपालटून फुलत राहतात. मध पिणाऱ्या पाखरांचे पोट या क्रमावर चालते. माझ्या मते त्या हिशेबातली मोठी गळती हीच. झाडे मोजली, झाडांचा क्रम कोणी मोजला नाही.

साग फुलतो पावसाळ्यात. त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांवर येतात त्या मुख्यतः मधमाश्या. फाल्गुनात सागाच्या सरळ रांगांमध्ये शिंजिराच्या चोचीला काही लागत नाही. एखाद्या सागावर बांडगूळ तोडायचे राहून गेले असेल, तर तेवढेच.