तिकिटाचे दोन वाचक

मराठीचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांनी पोथी, बखर, शिलालेख, ताम्रपट यांना मजकूर मानले. सदऱ्याच्या खिशात चुरगळून पडलेल्या तिकिटाला तो मान क्वचितच दिला. वास्तविक सामान्य माणसाच्या हाती आयुष्यभर वारंवार येणारा छापील मजकूर तोच. या मजकुराला दोन वाचक असतात: तो विकणाऱ्याची कचेरी आणि तो विकत घेणारा उतारू. तिकिटाच्या व गल्ल्याच्या यंत्रांचा इतिहास चाळताना आम्हांस सतत जाणवत आले ते असे की, यंत्र घडवले जाते पहिल्या वाचकासाठी. दुसऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. रेवस बंदराशी येऊन थांबले की ही गोष्ट केवळ तात्त्विक राहत नाही.

आरंभ पाहावा. इंग्लंडात १८३० च्या दशकाच्या अखेरीस टॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तराने हाताने लिहिलेल्या तिकिटांच्या जागी अनुक्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटे आणली. अनुक्रमांक उतारूच्या काही कामाचा नव्हता. कारकुनाने किती तिकिटे विकली हे त्यावरून कळे. १८७९ साली अमेरिकेतल्या डेटन शहरी जेम्स रिटी या गुत्तेवाल्याने, नोकर गल्ल्यातले पैसे लांबवतात या त्राग्यापोटी, विक्रीची नोंद ठेवणारे यंत्र तयार केले. पुढे अशा यंत्रांना घंटा बसली. गल्ल्याचा खण उघडला की ती वाजे, आणि आतल्या खोलीत बसलेल्या मालकाला विक्री झाल्याची वर्दी मिळे. या सगळ्या यंत्रांची जननी अविश्वास, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता रेवस. धरमतर खाडीच्या मुखावरचे हे बंदर अलिबाग तालुक्याला भाऊच्या धक्क्याशी जोडत आले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. बोटीवर नेमकी किती माणसे होती याचे आकडे मात्र निरनिराळ्या वृत्तान्तांत निरनिराळे आढळतात, आणि आम्हांस यात तिकिटाचा स्वभाव उघड झालेला दिसतो. विकलेल्या तिकिटांवरून पैशाची बेरीज जुळते, माणसांची जुळेलच असे नाही. कडेवरचे मूल, बोटीवरचा खलाशी, घाईने तिकिटाविना चढलेला माणूस यांच्यासाठी विक्रीच्या हिशेबात रकाना नसतो. एरवी हा दोष कोणाला खुपत नाही. अपघात झाला की तोच हिशेब माणसांची यादी म्हणून वाचावा लागतो, आणि तेव्हा तो अपुरा पडतो.

रस्त्यावरची कथा वेगळी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, आणि पुढे वाहकाच्या हातातला पंच, निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या आणि वे-बिल ही मराठी प्रवासाची परिचित सामग्री बनली. गड्डीचा पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, मधला फरक: एडमंडसनचाच हिशेब. २०१० च्या आसपास हातात मावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. वाहक चढण्या-उतरण्याच्या टप्प्याचे अंक दाबी आणि यंत्र भाडे काढून चिटोरे छापी. २०२२-२३ पासून अँड्रॉइडवर चालणारी यंत्रे आली, आणि यंत्राचे मर्म पेटीतून निघून तिच्यातल्या अ‍ॅपमध्ये गेले.

अशी अ‍ॅप्स लिहिणे वरवर वाटते तितके सरळ नाही. पेटी बाहेरून मोबाइलसारखी दिसली तरी तिचा छपाईचा भाग आणि कार्ड वाचण्याचा भाग प्रत्येक उत्पादकाच्या आपापल्या आज्ञावलीने चालतो. एकाची आज्ञा दुसऱ्याला कळत नाही. या भाषाकलहावर तोड म्हणून १९९६ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी ‘ओपॉस’ हे सामाईक मानक काढले, पण ते विंडोजवरच्या दुकानी संगणकांपुरते होते. हातातल्या यंत्रांच्या बाजारात प्रत्येक घराची बोली पुन्हा निराळी झाली. म्हणून अ‍ॅप लिहिणारे मध्ये एक दुभाषी थर घालतात: वरचे अ‍ॅप एकच, खालचा दुभाषी यंत्रागणिक वेगळा.

या भाषांतरात देवनागरीचे काय होते, हे आमच्या व्यवसायामुळे आम्हांस अधिक बोचते. छोट्या छपाईयंत्रांची आज्ञापद्धती मुळात एकामागून एक सुटी अक्षरे ठोकत जाणाऱ्या रोमन लिपीसाठी बेतलेली. ‘अलिबाग’ या साध्या नावात ल आधी नोंदवला जातो आणि त्याची वेलांटी नंतर, पण कागदावर वेलांटी ल च्या आधी उमटली पाहिजे. ज्याला हे ठाऊक नाही असे यंत्र वेलांटी भलत्याच अक्षरापुढे नेऊन ठेवते. उपाय आहे: सगळी ओळ चित्र म्हणून रंगवायची आणि ठिपक्याठिपक्याने छापायची. ५८ मिलिमीटरच्या कागदावर आडवे ३८४ ठिपके मिळतात, ८० मिलिमीटरच्या कागदावर ५७६. म्हणजे यंत्र बदलले की चित्राची मांडणीही बदलावी लागते. यात वेळ जातो, बॅटरी खर्च होते, आणि गाडीत माणसे उभी असतात. गावाचे नाव रोमनमध्ये उरकण्याचा मोह इथे होतो. मालकाच्या हिशेबाला त्याने बाध येत नाही, कारण त्याला टप्प्याचा अंक पुरेसा असतो. गैरसोय होते ती मराठीच तेवढी वाचणाऱ्या म्हातारीची.

कागदाचेही तसेच. उष्णतेने उमटणारी ही अक्षरे ऊन, घाम आणि दमट हवेत विरत जातात. रेवसच्या खाऱ्या वाऱ्यात तिकीट खिशात राहिले तर काही दिवसांत ते कोरे वाटावे. कचेरीतली प्रत मात्र संगणकावर शाबूत. जुने पंच केलेले तिकीट पुस्तकात खूण म्हणून ठेवले की वर्षांनंतरही वाचता येई, असो.

मराठीला या यंत्रांत हक्काची जागा मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. २०१६ साली यूपीआय आले आणि त्यापुढच्या वर्षांत टपऱ्याटपऱ्यांवर पैसे जमा झाल्याची वर्दी देणारी बोलकी डबडी दिसू लागली. त्यांतली कित्येक शुद्ध मराठीत रक्कम उच्चारतात. त्यांचे बोलणे चहावाल्याला उद्देशून असते. पैसे देणारा समोर उभा असतो आणि त्याच्या हाती कागद येत नाही. कार्डाच्या यंत्रावर अजून दोन प्रतींची रीत टिकून आहे. दुकानदाराची प्रत आधी आपोआप निघते, मग पडद्यावर प्रश्न येतो, ग्राहकाची प्रत छापायची का? कागद वाचावा म्हणून बहुधा ‘नाही’ दाबले जाते.