बी.डी.डी. चाळी : आपल्या माणसांनी वसवलेली मुंबई



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या वस्तीचा इतिहास यावा, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सुचवले. नव्या पिढीची मुलं विचारतात, "बी.डी.डी. म्हणजे काय हो काका?" बऱ्याच मोठ्या माणसांनाही ते सांगता येत नाही. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, मराठीत मुंबई विकास खाते. सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर असताना १९२० साली सरकारने हे खाते काढले.

पण चाळींच्या आधी माणसं आली, म्हणून सुरुवात तिथून करायला हवी. कोकणातल्या महार समाजाला पूर्वी पलटणीचा आधार होता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, गोपाळबाबा वलंगकरही पलटणीतलेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी आपली भरती बंद केली. गावात जमीन नाही आणि नशिबी वतनाची बेगारी, त्यातून सुटायचं तर मुंबई गाठायची. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून माणसं निघाली, कोणी बोटीने आले, कोणी घाट उतरून. गिरणी, गोदी, रेल्वे, म्युनिसिपालटी, मिळेल ते काम धरलं. राहायला जागा म्हणाल तर झोपडं, नाहीतर दहा-पंधरा जणांची एक खोली. १८९६ साली प्लेग आला आणि कामगारांची ही दाटी सरकारच्या डोळ्यांवर आली. मग १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. परळला बाबासाहेब अनेक वर्षं राहिले ती चाळ याच ट्रस्टची. तिथूनच ते दादरला 'राजगृहा'त गेले.

लॉइडसाहेबाचा बेत मोठा होता. कामगारांसाठी ५० हजार गाळे बांधायचे ठरले. त्यासाठी कर्ज काढले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर रुपया कर बसवला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आताचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्याला २० आणि चाळीला ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. आत मोरी, संडास मात्र मजल्यावर सगळ्यांचे मिळून. भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, त्यामुळे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल.

गंमत अशी की सुरुवातीला तिथे राहायला कोणी जाईना. वरळी गिरण्यांपासून लांब पडे आणि भाडं परवडत नसे, म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंगच केला. ज्या खोल्यांतून पुढे आपल्या मुलांनी मॅट्रिक केलं, त्यांत आधी सत्याग्रही कोंडले होते. हे पोरांना आवर्जून सांगावं.

हळूहळू चाळी भरल्या. एक आला की तो गावच्या चौघांना आणी. गावकीची खोली असे, तिथे एकटे पुरुष राहत. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. ट्रंक भिंतीला आणि वळकटी ट्रंकेवर. गावच्या मुंबई कमिट्या, भिशी, लग्नाची भांडी, मयताची वर्गणी हे सगळं या खोल्यांतून चाले. कोणाची नोकरी गेली तर त्याला दोन घास कुठून मिळणार, हेही तिथेच ठरे. आजची आपली मंडळं त्यातूनच आली आहेत, आकाशातून पडलेली नाहीत.

मुंबईत आलं म्हणून जात सुटली का? नाही. या चाळीत आपली माणसं, त्या चाळीत मराठा मंडळी, अशी वाटणी बरीच होती. गिरणीतही तेच. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण काय, तर कांडीचा धागा तुटला की तो धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडचा धोटा दुसऱ्याला विटाळ! म्हणून आपल्या माणसाने कमी पगाराच्या खात्यात राबायचं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना नेमकं यावर धरलं की संपाच्या मागण्यांत हीही मागणी घाला. कामगारांची एकी ज्यांच्या तोंडी होती, त्यांना हे सुचलं नव्हतं. त्याच सुमारास गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात बोलले आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ च्या एका दिवसाच्या संपात मात्र स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले.

नायगावचं नाव तर आपल्या इतिहासात कोरलेलं आहे. ३० आणि ३१ मे १९३६ ला मुंबई इलाखा महार परिषद तिथेच भरली आणि 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण तिथेच झालं. वीस वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली. मुंबईची दीक्षा डिसेंबरात व्हायची होती, त्याआधीच ६ डिसेंबर १९५६ उजाडला. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखभर लोकांना दीक्षा दिली. मुंबईतल्या कितीतरी घरांचा बौद्ध म्हणून पहिला दिवस तो. डोळे पुसत त्रिशरण म्हटलं त्या माणसांनी. त्यानंतर घरातले देव गेले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत पंचशीलाचा झेंडा लागला. शिवडीच्या चाळीत राहिलेले, मोठेपणी अक्षर शिकलेले वामनदादा कर्डक यांची गाणी रात्र-रात्र चालत.

१९७४ चा जानेवारी जुन्या माणसांना विसरता येत नाही. लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीत पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. चाळीच्या गच्चीवरून दगड, सोड्याच्या बाटल्या. १० तारखेच्या परळच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव शहीद झाले. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. न्या. भस्मे आयोग बसला. एका भोंग्यावर उठणारी, एका नळावर पाणी भरणारी माणसं एकमेकांवर धावून गेली, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. पण इतिहासातून ते गाळता येणार नाही.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, ते बहुतेक परत आत गेलेच नाहीत. भोंगे थांबले. बायकांनी घरकामं धरली, पोळीभाजीचे डबे केले. आपल्या घरांना त्या दिवसांत तारलं ते शिकलेल्या मुलांनी, बँक, पोस्ट, बेस्ट, एल.आय.सी. इथल्या राखीव जागांवरच्या नोकऱ्यांनी. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल झाले, आणि मधोमध आपल्या चाळी तशाच, छताचे पोपडे पडत उभ्या राहिल्या.

पुनर्विकासाच्या गोष्टी आपण किती वर्षं ऐकल्या! अखेर काम म्हाडाकडे आलं, एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झालं. तरी वरळीत प्रत्यक्ष कामाचा नारळ १ ऑगस्ट २०२१ ला फुटला. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, आणि संडास घरात. ज्या बाईने जन्मभर पहाटे चारला डबा घेऊन रांग लावली, तिला या शेवटच्या गोष्टीची किंमत विचारा. चाळ पाडताना हळहळणाऱ्या लेखकांनी ती रांग लावलेली नसते. शिवडीच्या चाळी मात्र बंदराच्या जमिनीवर असल्याने या योजनेच्या बाहेर राहिल्या, आणि तिथले आपले बांधव बघत राहिले.

काळजीही आहे. पात्रता ठरताना आजोबांच्या नावची भाडेपावती शोधायला घरंच्या घरं ट्रंका उपसत बसली. एका खोलीत तीन भावांचे संसार, आणि नवं घर मिळणार एकच. त्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले आपण पाहतो. लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने कसा पेलायचा, हेही सोसायट्यांनी आताच ठरवायला हवं. आणि चाळीत दार उघडं असे. वर्षावासात ग्रंथवाचन लागलं की बायका जिन्यात, गॅलरीत बसून ऐकत. टॉवरमध्ये तशी जागा कुठली असेल, ते नकाशे मंजूर होतानाच विचारावं लागतं, नंतर कोणी देत नाही.

एक काम मात्र आपल्या हातात आहे. जुन्या पावत्या, गिरणीचे पास, गावकीच्या वह्या, १९५६ नंतरच्या पहिल्या जयंत्यांचे फोटो घर बदलताना भंगारात टाकू नका. विहाराच्या कपाटात त्यांच्यासाठी एक कप्पा रिकामा केला आहे. रविवारी सकाळी वंदनेनंतर कार्यकर्ते तिथे असतात, ज्याच्याकडे जे असेल ते त्यांच्याकडे द्यावं. फोटोच्या मागे नाव आणि चाळ नंबर पेन्सिलीने लिहून आणला तर फार बरं होईल.