नीलगिरी जळूनही पुन्हा फुटते ती कशी? जाणून घ्या ऑस्ट्रेलियातल्या जंगलाची गोष्ट

बांधावरची नीलगिरी तोडली तरी खुंटाला पुन्हा फुटवे येतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. या चिवटपणाचा खरा उपयोग दिसतो तो तिच्या मूळ मुलखात, ऑस्ट्रेलियात. तिथे नीलगिरीच्या ७०० हून जास्त जाती आहेत आणि वणवा तिथल्या जंगलांना नवा नाही.

आग एवढी का भडकते?
नीलगिरीच्या पानांत तेल असते. वाळलेली पाने आणि गळालेली साल झाडाखाली साचते, लवकर कुजत नाही. उन्हाळ्यात ठिणगी पडली की हा पाचोळा भडकतो. काही जातींच्या सालीच्या लांब पट्ट्या सुटतात. त्या पेटत्या पट्ट्या वाऱ्यासोबत कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात आणि तिथे नवी आग लागते.

झाड वाचते कसे?
बऱ्याच जातींत जाड सालीखाली झोपलेले डोळे असतात. पाने जळाली की ते जागे होतात आणि काळ्याठिक्कर खोडावर हिरवी पालवी फुटते. अनेक जातींत बुंध्याशी, जमिनीलगत एक गाठ असते. वरचे सगळे जळाले तरी तिच्यातून फुटवे येतात.

सगळ्याच जाती वाचत नाहीत
व्हिक्टोरिया आणि टास्मानियातली ‘माउंटन ॲश’ ही जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी एक. मोठ्या आगीत ती मरते. पण तिच्या बोंडांतले बी आगीनंतर राखेत पडते, मोकळे ऊन मिळते आणि रोपांची दाटी उगवते. या रोपांना पुरेसे बी धरायला १५ ते २० वर्षे लागतात. त्याआधीच दुसरा वणवा आला, तर पेरायला बीच उरत नाही आणि ते जंगल संपते. अशा ठिकाणी व्हिक्टोरियात हेलिकॉप्टरमधून बी पेरावे लागते.

म्हणजे या जंगलाला एका आगीपेक्षा पुन्हा पुन्हा लागणारी आग जास्त घातक. माणसांना तर एक आगही पुरते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी सुरू झालेल्या व्हिक्टोरियातल्या वणव्यांत १७३ जणांचा जीव गेला. तिथले आदिवासी हजारो वर्षांपासून थंड हवामानात लहान लहान आगी लावून पाचोळा कमी करत आले. आता ही पद्धत पुन्हा वापरली जात आहे.

आपल्याकडेही नीलगिरीखालचा पाचोळा उन्हाळ्यात झटकन पेटतो. तो वेळेत गोळा करून पिकाच्या आणि गोठ्याच्या बाजूने जाळरेषा काढलेली बरी.