मडक्यातलं इन्सुलिन

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. मग ज्या घरात फ्रिजच नाही, त्यांनी काय करायचं? गरिबांच्या घरातलं जुनं उत्तर आहे मडकं. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत ओली रेती, आत कुपी, वर झाकण. कूलरच्या ओल्या ताट्या खोली थंड करतात, तीच ही युक्ती. 2016 साली ‘डायबेटिक मेडिसिन’ या नियतकालिकात अशा भांड्यांची चाचणी छापून आली. फ्रिजची सर येत नाही, पण कोरड्या हवेत मडकं चांगलं काम करतं. दमट हवेत मात्र त्याचा जोर ओसरतो.

पण मडक्यात ठेवायला आधी कुपी तर हवी.

टाइप 1 मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं. गोळ्यांनी भागत नाही; रोज सुई, आयुष्यभर. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉमसन या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तोवर हा आजार म्हणजे मुलाचा मृत्यूच होता. थॉमसन पुढे 13 वर्षं जगला. शोधकर्त्यांनी 1923 मध्ये पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. औषध असं जवळजवळ फुकट जगाच्या हाती आलं, तरी मजुराच्या घरी पोचायचं राहिलंच.

विम्याच्या बाबतीत नागपूर मागे नव्हतं, उलट महाराष्ट्रात कामगार विमा योजना पहिल्यांदा इथेच आली, जुलै 1954 मध्ये. एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांचं शहर होतं हे. पण योजना नोकरीला बांधलेली. शेतमजूर, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई त्यात कधी नव्हतीच, आणि पुढे एम्प्रेसही बंद पडली. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली (आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते). तिचा भर मुळात दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांवर. म्हणजे मधुमेहाने पाय सडला तर विम्याला रुग्ण दिसतो. पाय सडू नये म्हणून घरी रोज टोचायची सुई दिसत नाही. मला हा हिशोब कधीच पटलेला नाही.

मेयो आणि मेडिकल आहेत, खरं. पण तिथे जायचं म्हणजे गावाहून बसभाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली. शिवाय सिरिंज, रक्त तपासायच्या पट्ट्या. पट्टी नसेल तर डोस अंदाजानेच, आणि अंदाज चुकला तर साखर घसरून मूल बेशुद्ध पडतं.

ही फट भरायला 1995 मध्ये नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला. गरीब घरांतल्या टाइप 1 च्या मुलांना मोफत इन्सुलिन, आणि त्याबरोबर ते वापरायचं शिक्षण. हे शिक्षण मला कुपीइतकंच मोठं वाटतं: सुई कुठे टोचायची, घाम फुटून हात थरथरले की पटकन साखर खायची, हे दहा वर्षांच्या पोरीलाही कळायला हवं. पोरीला मुद्दाम म्हटलं. पैसे एकाच्याच औषधापुरते असतील, तर घरात कोणाची पाळी आधी लागते हे आपल्याला ठाऊक आहे.

ट्रस्ट देणगीवर चालतो. देणाऱ्याने हात आखडला, तर त्या मुलाला हक्काने मागायला दुसरं दार कोणतं? जूनमध्ये पाऊस सुरू होतो, हवा दमट होते, आणि मडकंही हवं तेवढं गार होत नाही.