देणें आणि लागणें

अमरावती-अकोल्याकडील शेतकरी बाजारास निघतांना ‘मले जा लागते’ असें म्हणतो. पुण्याकडचा पाहुणा तें ऐकून क्वचित् हसतो. ‘मला जावें लागतें’ हें शिष्ट रूप त्याच्या ओठांवर असतें. परंतु रूप कोणतेंही घ्या, त्यांतील ‘लागतें’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. ज्याच्यावर जाण्याची पाळी आली तो मनुष्य या वाक्यांत कर्ता म्हणून उभाच राहत नाहीं. ‘मला’ होऊन तो बाजूस सरतो आणि सक्ती त्याला बाहेरून येऊन चिकटते.

इंग्रजींत ‘आय’ वाक्याच्या अग्रभागीं उभा राहतो आणि ‘मस्ट’, ‘शुड’ किंवा ‘ऑट’ यांचें ओझें स्वतःच उचलतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचें इंग्रजी पोसलें, त्या पिढ्यांस ही अडचण चांगली ठाऊक होती. ‘गेलें पाहिजे’ला ‘मस्ट’, ‘जावें’ला ‘शुड’ आणि ‘जावें लागतें’ला ‘हॅव टु’ ही जुळणी बहुतेक ठिकाणीं साधते. कारण ‘मस्ट’मध्यें बोलणाराचा स्वतःचा आग्रह असतो, ‘हॅव टु’मध्यें परिस्थितीची जबरी. घोटाळा होतो तो नकारांत. ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘जातां कामा नये’. ‘जाण्याची गरज नाहीं’ असें सांगावयाचें तर ‘नीड नॉट’ हवें. या एका ‘नॉट’पायीं किती छड्या उडाल्या असतील कोण जाणे!

पण या शब्दांचीं मुळें उकरूं लागलें म्हणजे निराळीच गंमत दिसते. ‘शॅल’चा प्राचीन अर्थ ‘मी देणें लागतों’ असा होता. ‘ऑट’ हें ऋणी असणें या अर्थाच्या ‘ओ’ या क्रियापदाचें जुनें भूतकाळी रूप होय. (‘मस्ट’ची कुळकथा वेगळी, तो मूळचा परवानगी दर्शविणाऱ्या क्रियापदाचा भूतकाळ. परवानगीची सक्ती कशी होते, हें ज्यांनीं कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको.) आपल्याकडे ‘करावें’ हें रूप संस्कृत ‘कर्तव्य’मधील ‘तव्य’ प्रत्ययापासून आलें, परंतु ‘करावें लागतें’ यांतील ‘लागणें’ आणि ‘मी त्याचे शंभर रुपये देणें लागतों’ यांतील ‘लागणें’ एकच. दोन दूरच्या भाषा कर्तव्यापर्यंत पोंचल्या त्या सावकाराच्या वहीवरून.

हा योगायोग वऱ्हाडास विशेष झोंबतो; कारण हा सबंध मुलूखच एका देण्यापायीं परक्याच्या हातीं गेला. हैदराबाद कंटिंजंट नांवाची फौज इंग्रजांच्या हुकमतीखालीं होती, पण तिचा पगार निजामानें भरावयाचा होता. पगार थकला, कंपनीनें तो भागविला आणि कर्ज वाढत गेलें. डलहौसीच्या कारकीर्दींत, २१ मे १८५३ रोजीं, निजाम नासिरुद्दौला यांस तहावर सही करावी लागली. कायमचा मुलूख तोडून देण्यास ते कबूल नव्हते. म्हणून वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश फौजेच्या खर्चासाठीं केवळ लावून दिले, अशी भाषा ठरली. हिशेब करून उरलेली शिल्लक निजामास द्यावयाची होती.

इंग्रजी तहनाम्याची भाषा ‘शॅल’ची असते. अमका पक्ष अमुक ‘करील’ असें तींत आलें, तरी तें भविष्यकथन नसतें, बंधन असतें. आजही मराठी कायद्यांत त्या ‘शॅल’साठीं ‘करील’, ‘असेल’ अशींच रूपें योजतात, आणि प्रथम वाचणाऱ्यास तीं ज्योतिष्याचीं वाक्यें वाटतात. बंधन खरें, पण तें मोजावयाचें कोणीं? १८६० च्या तहानें निजामाचें ५० लाखांचें कर्ज माफ झालें, धाराशिव व रायचूर परत मिळाले. कर्ज फिटलें, तरी वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठीं विश्वस्त म्हणून इंग्रजांकडेच राहिलें. शिवाय जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडला. म्हणजे शिल्लक देणें लागतें हें मान्य. ती किती, हें देणारानेंच ठरवावयाचें!

दिवाण सालारजंग यांनीं मुलूख परत मिळविण्यासाठीं पुढें पुष्कळ खटपट केली. १८७६ मध्यें ते विलायतेसही जाऊन आले. फळ कांहीं आलें नाहीं. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झननें मीर महबूब अली खान यांच्याशीं नवा करार केला. वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांच्या खंडानें कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे आलें. जो ‘कायमचा’ शब्द १८५३ मध्यें टळला होता, तो असा पन्नास वर्षांनीं पट्ट्याच्या वाटेनें आंत शिरला. पुढच्याच वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडण्यांत आलें.

उस्मान अली खान यांनीं तो प्रश्न पुन्हा उकरला, तेव्हां २७ मार्च १९२६ च्या पत्रानें लॉर्ड रीडिंगनें त्यांस बजावलें कीं, कोणत्याही संस्थानिकास ब्रिटिश सरकारशीं बरोबरीच्या नात्यानें बोलतां येणार नाहीं. तह दोघांचा, पण त्याचा अर्थ लावणारा एक, हें येथें उघड झालें. १९३६ च्या करारांत वऱ्हाडावरील निजामाचें सार्वभौमत्व पुन्हा मान्य झालें आणि त्याच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. कारभार मात्र नागपुराहूनच चालत राहिला, आणि अकोल्याचा कुणबी पूर्वीप्रमाणेंच ‘सारा भरा लागते’ एवढेंच म्हणत राहिला.