एम-सील, अराल्डाइट घट्ट बसले? काढण्याआधी कशावर बसले ते बघा

टाकी गळो की पाइपला चीर पडो, घरात पहिला हात जातो एम-सीलकडे. तुटलेली मूठ चिकटवायला अराल्डाइट. ही दोन्ही इपॉक्सी. दोन भाग एकत्र मळले की रासायनिक क्रिया होऊन थर दगडासारखा होतो. मग तो पाणी, साबण, रॉकेल कशानेच विरघळत नाही. ऊब देऊन मऊ करायचा आणि खरडायचा, हाच मार्ग.

ओले असताना: लगेच फडक्याने पुसा. उरलेला चिकटा स्पिरिटने निघतो.

लोखंड, स्टील: हेअर ड्रायरने पाच-दहा मिनिटे गरम करा. छोटी वस्तू जुन्या भांड्यात पाण्यात उकळली तरी चालते. मऊ झाले की लगेच पट्टीने खरडा. गार झाले की पुन्हा कडक होते. राहिलेल्या पातळ थरावर ॲसिटोनचा बोळा अर्धा तास ठेवा. रंग दिलेल्या पत्र्यावर मात्र ॲसिटोन नको, रंगही निघेल.

काच: कोमट पाण्याचे फडके ठेवा, मग ब्लेड आडवे धरून काढा. एकदम कढत पाणी ओतले तर काच तडकते.

लाकूड: ऊब देऊन रेषेच्या दिशेने खरडा, शेवटी पॉलिश पेपर.

शहाबादी फरशी: हळूहळू खरडा. ॲसिड किंवा व्हिनेगर टाकू नका. हा चुनखडीचा दगड आहे, त्यावर कायमचा डाग पडतो.

पीव्हीसी पाइप, प्लास्टिकची टाकी: थिनर, ॲसिटोनने प्लास्टिक खराब होते आणि जास्त उष्णतेने वाकते. गळत नसेल तर तसेच राहू द्या. गळत असेल तर पाइपचा तेवढा तुकडा कापून कपलिंग बसवा.

हे करू नका

स्टोव्ह किंवा गॅसच्या जाळावर इपॉक्सी जाळू नका, धूर विषारी असतो. पेट्रोलने पुसायला जाऊ नका. ॲसिटोन झटकन पेट घेते; वापरताना चूल, गॅस, विडी बंद आणि खिडकी उघडी हवी. ॲसिटोन लावलेल्या जागी ड्रायर फिरवू नका. घासताना तोंडाला रुमाल बांधा.

हाताला लागले तर थिनर चोळू नका. साबण व कोमट पाण्याने धुवा; वाळलेला थर काही दिवसांत आपोआप सुटतो. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून तडक दवाखाना गाठा.